विहिरीतला भोवरा आणि बाबांची वही

आमची लेक नुकतीच पाट्या वाचायला शिकली होती तेव्हाची गोष्ट. स्कूटरवर माझ्यापुढे उभी राहून ती दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. भंवरकुआंच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि तिने अक्षरं जुळवली, "भं-व-र-कु-आं." मग मागे वळून विचारलं, "आई, कुआं म्हणजे विहीर ना? मग विहीर कुठेय?"

इंदुरात जन्म काढलेल्या माणसालाही हा प्रश्न पडत नाही. आपल्यासाठी भंवरकुआं म्हणजे कोचिंग क्लासचे टोलेजंग फलक, पीजीच्या पाट्या, पाठीला बॅग लावून गाडीवर उभ्याने पोहे खाणारी राज्यभरातली पोरं, अलीकडे होळकर सायन्स कॉलेज आणि पलीकडे खंडवा रोडवर विद्यापीठाचा तक्षशिला परिसर. चौकाला टंट्या मामांचं नाव मिळालं, उड्डाणपूल झाला, तरी रिक्षावाल्याला आपण भंवरकुआंच सांगतो. त्या नावात विहीर आहे हे मात्र पाच वर्षांच्या मुलीला दिसलं. मी सगळ्या आया करतात तेच केलं. म्हटलं, "घरी गेल्यावर आबांना विचार."

आबा म्हणजे माझे वडील. बँकेतून निवृत्त, वय सत्त्याहत्तर, विष्णुपुरीत आमच्याकडेच असतात. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "भंवर म्हणजे आपल्या मराठीत भोवरा." लेकीला भोवरा माहीत नव्हता. "भोवरा म्हणजे लट्टू गं," आबा म्हणाले. झालं! तिच्या डोक्यात पक्कं बसलं की चौकाखाली एक विहीर आहे आणि तिच्यात एक भला मोठा लट्टू गरगर फिरतोय. पाण्याचा भोवरा वेगळा, खेळण्यातला वेगळा, हे बाबांनी तिला लगेच सांगायला हवं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. रोज रात्री त्या विहिरीत काहीतरी घडायला लागलं. दोनेक महिन्यांनी बाबांनी बँकेची एक जुनी डायरी काढली आणि सुवाच्य अक्षरात गोष्ट लिहून काढली. नाव दिलं, ‘भोवऱ्याची विहीर’.

मी ती टाइप केली. सुमारे २,३०० शब्द झाले. मला ती फार आवडली. का नाही आवडणार, बाबांचा आवाज होता तिच्यात. चित्रांचं पुस्तक व्हावं म्हणून दोन प्रकाशकांकडे पाठवली. एकाचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्याने दोन ओळींत, पण आपुलकीने कळवलं की कल्पना छान आहे, चित्रपुस्तकासाठी मजकूर फार लांब आहे, एखाद्या जाणत्या संपादकाची मदत घ्या.

इथे माझी गंमत सांगते. मी भंवरकुआंच्याच एका क्लाससाठी नोट्स तयार करते. तीनशे पानांचं पुस्तक बारा पानांत बसवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आणि बाबांच्या २,३०० शब्दांतला एक शब्द मला काढता येत नव्हता.

ओळखीतून पुण्याच्या एक संपादक बाई मिळाल्या. बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांवर काम केलेल्या, आता स्वतंत्रपणे काम करणाऱ्या. त्यांना मी ताई म्हणते. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी वही असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते, कारण मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. संपादन म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे, ते अगदी शेवटी येतं आणि वेगळं काम आहे. आधी गोष्टीची बांधणी, मग वाक्यं, मग ऱ्हस्व-दीर्घ. ताईंनी सुरुवातीला फक्त एका पानावर काम करून दाखवलं आणि म्हणाल्या, हे पटलं तरच पुढे जाऊ. पैसे दोन हप्त्यांत ठरले. पुस्तक छापून येईल असं आश्वासन त्यांनी दिलं नाही, उलट ते देता येत नाही हे पहिल्याच फोनवर सांगितलं. गोष्टीवरचा हक्क बाबांचाच राहतो, संपादकाने कितीही हात फिरवला तरी. आणि चित्रकार आपण आधी शोधायचा नसतो, तो बहुधा प्रकाशक ठरवतो. मी तर शेजारच्या एका मुलीला रंगपेटी घ्यायलाही सांगून बसले होते!

पंधरा दिवसांनी ताईंचं चार पानी पत्र आलं. बाबांनी ते भिंग घेऊन वाचलं. सुरुवातीला कौतुक होतं. मग लिहिलं होतं, "काका, तुमची गोष्ट तीनदा सुरू होते. एकदा इंदूरच्या इतिहासापासून, एकदा तुमच्या लहानपणापासून आणि एकदा नातीच्या प्रश्नापासून. मूल फक्त तिसऱ्या सुरुवातीची वाट बघतंय." पुढे कुठलं वाक्य चित्रात जाईल, कुठलं दोनदा आलंय, कुठे आजोबा नातीशी बोलण्याऐवजी तिच्या आईशी बोलतायत, असं सगळं समासात.

बाबा काही बोलले नाहीत. दुपारी चहाच्या वेळी फक्त म्हणाले, "अहिल्याबाईंचा परिच्छेद काढायचा म्हणे." आणि नंतर आठ दिवस त्या विषयावर घरात शांतता. डायरी कपाटात गेली. रात्रीच्या गोष्टीसुद्धा बंद झाल्या, कारण विचारलं की, "तुमच्या ताईंना विचारा." मला वाटलं, मी हे करायलाच नको होतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाने नातीसाठी काही लिहिलं, ते तसंच राहू द्यायचं. छापायची एवढी काय घाई?

मराठीला संपादक नवीन नाही. मौजेचे श्री. पु. भागवत, ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन यांनी लेखकांना पुन्हा पुन्हा लिहायला लावलं, आणि त्याचे किस्से आपल्या आधीच्या पिढीला पाठ आहेत. बाबांनाही होते. पण ते मोठ्यांच्या साहित्याबद्दल. लहान मुलांची गोष्ट म्हणजे आजोबांनी सांगायची आणि सर्वांनी गोड मानून घ्यायची, त्यात कुणी शाई काय चालवायची, असा आपला समज असतो. माझाही होता.

आठ दिवसांनंतर मी ताईंना फोन केला आणि जरा रडकुंडीला येऊनच सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकांना पटवू नका. पुस्तक तयार करा." आणि कसं करायचं ते सांगितलं. ए-फोर आकाराचे आठ कोरे कागद घ्यायचे, एकावर एक ठेवून मधोमध दुमडायचे आणि घडीवर दोन पिना मारायच्या. बत्तीस पानं होतात. चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांचीच का असतात, तर छपाईचा मोठा कागद घडी घालत गेलं की आठ, सोळा, बत्तीस अशीच पानं पडतात. त्यात नावाचं पान, प्रकाशनाच्या माहितीचं पान वगैरे गेलं की गोष्टीला उरतात समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या. एवढ्यात विहीर, भोवरा, आजोबा, नात सगळे बसवायचे.

मी बाबांचा मूळ मजकूर, एकही शब्द न काढता, कात्रीने कापून त्या पानांवर चिकटवला. पानं शब्दांनी गच्च भरली. चित्राला बोटभर जागा उरेना. मग ते बाड बाबांच्या हातात दिलं आणि लेकीला त्यांच्या मांडीवर बसवलं.

बाबा वाचायला लागले. पहिल्या पानावर होळकरांचं राज्य चालू असतानाच लेकीने पान उलटलं. बाबांनी परत मागे आणलं. तिने पुन्हा उलटलं. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "आबा, हे नको ना, विहिरीचं सांगा." सहाव्या पानावर ती उतरून पाणी प्यायला गेली. ती काही रुसून गेली नव्हती, तिला खरंच तहान लागली होती. पण बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ ते कागद हातात धरून बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "पेन्सिल आहे का गं? शाई नको."

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात जी मजा झाली ती सांगायला हा अंक पुरणार नाही. दर बुधवारी रात्री ताईंचा व्हिडिओ कॉल. बाबा अंगात शर्ट घालून, केस विंचरून बसायचे. २,३०० चे अकराशे झाले. मग सहाशे चाळीस. बाबांची हिशोबी बँकवाली बुद्धी जागी झाली आणि ते समासात शिल्लक शब्दांचा आकडा लिहायला लागले. "विहीर खूप खोल होती, काळीशार होती, तळ दिसत नव्हता" यातलं काय ठेवायचं? ताई म्हणाल्या, "काहीच नको, चित्रकार काळा रंग लावेल." बाबांना हे फार लागलं, आणि मग फार आवडलं. पुढच्या बुधवारी ते स्वतःच सांगायला लागले, हे चित्रात जाईल, तेही चित्रात जाईल. एक पान तर त्यांनी पूर्ण कोरं ठेवलं, नुसता भोवरा फिरतोय, शब्द नाही.

ताई अधूनमधून दुसऱ्यांचे किस्से सांगायच्या आणि बाबांना ते बरं वाटायचं, की कापाकापी आपलीच होत नाही. मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ चं पुस्तक तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांकडे असेल. ते आधी रानटी घोड्यांचं पुस्तक होणार होतं. सेंडॅकना घोडे नीट काढता येईनात, तेव्हा त्यांच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याशी बोलता बोलता घोडे गेले आणि ते नुसतेच ‘थिंग्ज’ झाले. सबंध पुस्तकात शब्द ३३८, आणि धिंगाण्याची पानं तर शब्दांशिवायच. एरिक कार्ल यांचं भुकेलं सुरवंट, १९६९ चं, तेही मुळात विली नावाच्या अळीचं पुस्तक होतं. हिरव्या अळीचं त्यांच्या संपादक ॲन बेनेड्यूस यांच्या मनात काही बसेना. त्यांनी सुरवंट सुचवला, आणि सुरवंट म्हटल्याबरोबर कार्लना फुलपाखरू दिसलं. अळी राहिली असती तर शेवटचं पान सुचलंच नसतं. बाबा म्हणाले, "म्हणजे त्या बाईंनी गोष्ट लिहिली नाही, फक्त किडा बदलला!" ताई खूप हसल्या.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांचं ‘राधाचं घर’ लेकीकडे होतं. बाबांनी ते पुन्हा काढून नुसती वाक्यं मोजली. इतकी साधी वाक्यं लिहिणं किती अवघड आहे हे आता कळतं, असं ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगून गेले.

भाषेवरून मात्र खरी जुंपेल असं मला वाटलं होतं. आपलं इंदुरी मराठी तुम्हाला माहीतच आहे. "काय करून राहिली गं?" हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळे म्हणतात. पुण्यात हे म्हटलं की भुवया वर जातात. बाबांच्या वहीत गोष्टीतले आजोबा असंच बोलत होते. मी टाइप करतानाच ते सुधारून टाकणार होते, विसरले. ताईंनी त्या वाक्यापुढे लाल रेघ मारली नव्हती. समासात एक प्रश्न लिहिला होता, "काका, हे चूक आहे की इंदूर आहे?"

बाबांनी उत्तर लिहिलं, "इंदूर आहे." तेवढंच. वाक्य राहिलं. पण ताईंनी एक केलं, निवेदनातलं "राहिली" काढलं आणि आजोबांच्या तोंडातलं ठेवलं. त्यामुळे आजोबा जास्तच आजोबा झाले. ‘आर’ आणि ‘जाळी’ हे शब्दही राहिले. भोवऱ्याचा खिळा म्हणजे आर आणि गुंडाळायची दोरी म्हणजे जाळी, हे मलासुद्धा पक्कं माहीत नव्हतं. मी म्हटलं, आजच्या मुलांना कसं कळणार? ताई म्हणाल्या, चित्रात दिसेल ना. अवघड शब्दाला चित्राचा हात धरता येतो.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मला अजून जड जाते. बाबांच्या मूळ गोष्टीत एक सुंदर प्रसंग होता. नात चौकाच्या कडेला एका जुन्या फरशीवर पालथी झोपते, कान लावते आणि खालून तिला भोवऱ्याचं घुमणं ऐकू येतं. हा बाबांच्या लहानपणातला प्रसंग. जुन्या इंदुरातल्या त्यांच्या वाड्यात विहिरीवर फरशी टाकलेली होती आणि सगळी मुलं तिच्यावर झोपून पाण्याचा आवाज ऐकायची. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात आलं आणि घरोघरच्या विहिरींची गरज हळूहळू संपत गेली. कुणी बुजवल्या, कुणी झाकल्या. बाबांच्या मनातली विहीर त्याच्याही आधीची. पानही छान लिहिलेलं, सगळ्या मसुद्यांत टिकलेलं.

तिसऱ्या मसुद्यावर ताईंनी तिथे लिहिलं, "मूल विहिरीच्या झाकणावर झोपलंय. हे वाचून दुसरं मूल तसं करेल का?"

मी वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ताई पुण्याच्या, त्यांनी सर्वसाधारण काळजीतून लिहिलं होतं. पण आम्ही इंदूरचे. ३० मार्च २०२३, रामनवमी. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या पटेल नगरात, बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळला आणि छत्तीस माणसं गेली. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. आणि तरी बाबांनी ते पान लिहिलं, मी ते टाइप केलं, दहा वेळा वाचलं, आणि आम्हा दोघांनाही काही जाणवलं नाही. गोष्टीतली विहीर आणि खरी विहीर आमच्या डोक्यात दोन वेगळ्या ठिकाणी होत्या. मुलाच्या डोक्यात त्या एकाच ठिकाणी असतात, चौकाखाली.

बाबांना मी समास वाचून दाखवला. ते म्हणाले, "काढ ते." मी म्हटलं, आपण बदलून बघू. ते म्हणाले, "आधी काढ." तो बुधवारचा कॉल त्यांनी घेतला नाही. पण हा राग आठ दिवसांच्या रागासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आले तर ते गच्चीत बादलीभर पाण्याशी बसले होते. हात पाण्यात फिरवून भोवरा करत होते आणि लेक त्यात तुळशीची पानं टाकत होती. ते पान आता तसं आहे. नात विहीर शोधून दमते, कुठे सापडत नाही, आणि आजोबा तिला बादलीत भोवरा करून दाखवतात. झाकलेली विहीर पुस्तकात उरलीच नाही. गोष्टीचं नाव बदलावं लागलं, तर बदललं, ‘भोवरा कुठे आहे?’

शेवट ताईंनी शोधला. म्हणजे शोधला बाबांनीच, ताईंनी फक्त बोट ठेवलं. बाबांच्या पहिल्या वहीत, होळकरांच्या परिच्छेदाच्या आसपास कुठेतरी, कंसात एक ओळ होती की नातीच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. केसांतला भोवरा हो! आपल्याकडे दोन असले की मूल हट्टी म्हणतात. ती ओळ अहिल्याबाईंबरोबरच कापली गेली होती. अकराशे शब्दांवर असताना ताईंनी जुनी प्रत उघडून विचारलं, "काका, ही ओळ शेवटी का नाही?" खेळण्यातला भोवरा, पाण्यातला भोवरा आणि डोक्यातला भोवरा. सबंध गोष्टभर नात भोवरा शोधते आहे आणि तो तिच्याच डोक्यावर आहे, आजोबांना वरून दिसतोय. बाबा काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी शेजारी बसलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. ती चिडली, कारण ती कार्टून बघत होती.

आता ४१० शब्द आहेत. हस्तलिखित एका प्रकाशकाकडे गेलंय, उत्तर यायचंय. एका जागी मात्र ताई आणि बाबा यांचं अजून जमलेलं नाही. ताई म्हणतात, शेवटच्या पानावर शब्द नकोत, नुसतं वरून दिसणारं मुलीचं डोकं आणि त्यातले दोन भोवरे, मूल स्वतः ओळखेल. बाबा म्हणतात, एक वाक्य हवं. "गं, हा काय इथे!" एवढंच. मी विचारलं, बाबा, आता सगळं चित्रात जातं म्हणणारे तुम्हीच ना? ते म्हणाले, "हो, पण नातीला हाक मारायची कुणी, चित्रकाराने?"

यावर ताईंकडे उत्तर नव्हतं. गेल्या बुधवारी पाठवलेल्या प्रतीत ते वाक्य पेन्सिलीने, कंसात लिहिलं आहे. ताईंनी कंस काढलेला नाही आणि बाबांनी वाक्य.